'ईआर'मधलं डॉ. ग्रीनचं पत्र
'ईआर' या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या 'द लेटर' या भागात (२००२) डॉ. ग्रीनचा मृत्यू दाखवलाच नाही, म्हणून तो भाग अपुरा वाटतो, असं एक मत आहे. मला हे अजिबात पटत नाही. ब्रेन ट्यूमर झालेला ग्रीन दूर हवाईला गेलेला असतो. त्याचा सहकारी डॉ. कार्टर त्याचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवतो. सहकाऱ्यांची आठवण, आभार, थोडी थट्टा, ऐकणारे हसतातसुद्धा. आणि मग ग्रीनची बायको एलिझाबेथने लिहिलेलं दुसरं पत्र, तो गेल्याचं. तिथे माझ्या पोटात खड्डाच पडतो, दर वेळी!

पण इमर्जन्सी विभाग बंद थोडाच ठेवता येतो? पेशंट येतच राहतात. डोळे पुसायलाही सवड न मिळालेली ती माणसं कामाला लागतात. ज्यांना ड्युटीवर असताना अशी बातमी कळली आहे, त्यांना हे किती खरं आहे ते सांगायला नको. शिवाय ग्रीनचे शेवटचे दिवस पुढच्याच भागात, 'ऑन द बीच'मध्ये, येतात. म्हणजे बातमी आधी, निरोप नंतर. दोन्ही भाग लागोपाठ बघा, अशी माझी कळकळीची विनंती.