सातवीचं पेंट, टायपिंग झालं. आता संगणकावर काय शिकवू?

नदीकाठची_बाई:
करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहा संगणक, विंडोज ७, नेट असून नसल्यासारखं. तास लागला की पोरांचं एकच, "बाई, गेम लावू?" पालकांना कोडिंग पाहिजे, कारण शेजारच्या इंग्लिश मीडियमच्या पाटीवर तसं लिहिलंय. नेटशिवाय काय सुरू करू?

बावड्याचा_मास्तर:
बाई, त्या पाटीकडं बघू नका. स्प्रेडशीट, म्हणजे ओळी-रकान्यांचा हिशेबाचा तक्ता घ्या आणि आकडे पोरांच्या ओळखीचे घ्या. पावसाळ्यात तुमच्या गावात चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोरांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. रोजची पातळी पेपरातनं उतरवून आणायला सांगा. तारीख, पातळी, मग आलेख.

इथं घोळ होतो, तो होऊ द्या. ४२ फूट ९ इंच पोरं ४२.९ लिहितात. पाणी चढून ४२ फूट १० इंच झालं की ४२.१० टाकतात, शेवटचं शून्य गायब, उरलं ४२.१. आलेखात नदी उतरली! काठावरची पोरं आहेत, कोण ना कोण ओरडतंच, "सर, पाणी तर वाढलंय की!" मग फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात इंच भागिले १२ करून फुटात मिळवायचे. दशांश चिन्ह म्हणजे काय, ते गणिताच्या तासापेक्षा इथं लवकर कळतं.

पुढं 'इफ', म्हणजे 'असं असेल तर तसं' ही अट. ३९ किंवा जास्त असेल तर 'इशारा', ४३ किंवा जास्त असेल तर 'धोका'. ३९ ची अट आधी लावली, तर २०१९ सारखं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तरी संगणक 'इशारा'च म्हणत बसतो. पहिली अट खरी ठरली की तो पुढं बघतच नाही. ४३ आधी तपासायचं. पालकांना सांगा, कोडिंग चालू झालं म्हणून. खोटं नाही ते.

दोन_म्हशी:
आणि उन्हाळ्यात? दूध संस्थेच्या पावत्या घ्या की. लिटर, फॅट, दर. दहा दिवसांच्या बिलाची बेरीज. फक्त पावतीवरचं नाव झाका, कुणाच्या घरात किती येतंय ते वर्गात कशाला.

नदीकाठची_बाई:
विंडोज ७ वर स्प्रेडशीटसाठी काय टाकू? आणि दोन संगणक चालू केले की दरवेळी जुनीच तारीख दाखवतात.

बावड्याचा_मास्तर:
लिब्रेऑफिस, फुकट आहे. पेनड्राइव्हवरनं न्या. २५.८ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, त्याआधीची घ्या. तारखेचं म्हणाल तर मदरबोर्डवरचा बटनसेल संपला असणार. सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडंसुद्धा मिळतो.