स्नोब्लोअर दर हिवाळ्यात रुसतो, त्यात जुना पिकअप घ्यायचाय : सल्ला हवा

बर्फात_कोकणी

मंडळी, घर मिनेसोटातल्या ट्विन सिटीजच्या (मिनिआपोलिस-सेंट पॉल) पश्चिमेला. ड्राइव्हवे दोन गाड्यांचा, साधारण ६० फूट लांब, रस्त्याकडे चढ. शेवटचा तुकडा खडीचा आहे. स्नोब्लोअर (बर्फ उडवून टाकायचं यंत्र) २४ इंची, टू-स्टेज (पुढे बर्फ ओढणारा ऑगर, मागे फेकणारा इंपेलर), पेट्रोलवरचा, आठ वर्षं जुना. तक्रारी अशा:

१. अर्ध्या चोकवरच नीट चालतो. चोक काढला की इंजिन वरखाली गुरगुरतं आणि बंद पडतं.
२. शिअर पिना (ऑगर दांड्याला जोडणाऱ्या) सारख्या तुटतात, त्याही बहुतेक डाव्या बाजूच्या.
३. इंजिन जोरात असतं, ऑगर फिरतो, पण चढावर मशीन पुढे सरकत नाही.
४. ओल्या बर्फात च्यूट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) तुंबतो.

दुरुस्तीवाला म्हणतो नवीन घ्या. घ्यायचा का? घ्यायचा तर कुठला? शिवाय एक वापरलेला हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप घ्यायचा विचार आहे, जमल्यास पुढे प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं) लावून. त्यात काय बघायचं?

गॅरेजातला_पाना

नवीन घेऊ नका. चारही तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि एकीतही इंजिन गेलेलं नाही.

पहिली तक्रार कार्ब्युरेटरची. चोक लावल्यावर सुधारतं म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवतो, म्हणून तेवढ्यापुरतं निभावतं. प्रदूषण नियमांमुळे अलीकडच्या इंजिनांची जेट (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या तोट्या) मुळातच बारीक असतात. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल सुकलं की त्याचा चिकट थर आधी पायलट जेटमध्ये (मंद चालीच्या छोट्या जेटमध्ये) बसतो, मग मुख्य जेटमध्ये.

इंजिन थंड असताना पेट्रोलची कळ बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी काढा. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा नट सोडवा, खाली भांडं धरा. वाटीत पाण्याचे थेंब किंवा पांढरी पूड दिसली तर इथेनॉलच्या पेट्रोलने पाणी ओढलंय असं समजा. मधल्या उभ्या नळीत पितळी मुख्य जेट असतं, ते चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढा. पायलट जेट बहुतेक मॉडेलांत वरच्या बाजूला, आयडलच्या (मंद चालीच्या) स्क्रूजवळ प्लास्टिकच्या डोक्याखाली असतं. कार्ब क्लीनर मारा आणि वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने भोक मोकळं करा. ड्रिल किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. जेट उजेडासमोर धरलं की भोक स्वच्छ गोल दिसायला हवं.

एवढं करूनही नाही सुधारला तर बाजारातला पर्यायी कार्ब्युरेटर वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. काढण्याआधी स्प्रिंग आणि दांड्या कुठल्या भोकात आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली तर इंजिन वाटेल तसं पळतं.

सिराक्यूजची_मावशी

पाना यांना अनुमोदन, पण मूळ पेट्रोलात आहे हे आधी सांगायला हवं होतं. मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतंच. तुमच्याकडे काही पंपांवर ९१ ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळ्या नळीतून मिळतं. त्यावर 'नॉन-ऑक्सिजनेटेड' अशी पाटी असते आणि छोटी इंजिनं, होड्या, स्नोमोबाईल, जुन्या हौशी गाड्या यांच्यासाठीच ते विकतात. स्नोब्लोअरला तेच घाला. गॅलनमागे थोडे पैसे जास्त जातात, पण हिवाळ्याला लागतं किती?

आणि त्याच पंपावर स्वस्तात 'अनलेडेड ८८' दिसेल. ते घेऊ नका, त्यात १५ टक्के इथेनॉल असतं आणि छोट्या इंजिनांत ते घालायला परवानगीच नाही.

एप्रिलमध्ये मशीन ठेवताना टाकी नळीने उपसून काढा, कळ बंद करा, इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवा, मग वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू उघडून उरलंसुरलं सोडा. पेट्रोल ठेवायचंच असेल तर स्टॅबिलायझर बाटलीवरच्या प्रमाणात घाला (नेहमीच्या लाल द्रवाचं अडीच गॅलनला १ औंस) आणि दहा मिनिटं इंजिन चालवा. नुसतं टाकीत ओतून कार्ब्युरेटरपर्यंत ते पोचत नाही. लोक इथेच चुकतात आणि मग स्टॅबिलायझरला नावं ठेवतात.

जुना_टेकम्सेह

शिअर पिनांबद्दल. पिना तुटतायत ही चांगली गोष्ट आहे, त्यांचं कामच ते. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेलं ढेकूळ अडकलं की पिन तुटून गिअरबॉक्स वाचतो. वैतागून कोणी तिथे हार्डवेअरच्या दुकानातला ग्रेड ८ (फार कडक) बोल्ट घालतं. मग पिन काही तुटत नाही, आतलं ब्राँझचं वर्म गिअर तुटतं, आणि गिअरबॉक्सच्या किमतीत दुसरं जुनं मशीन येतं. कंपनीच्याच पिना घ्या, लांबी-जाडी पाहून, आणि दहाचं पाकीट हँडलला टांगून ठेवा.

एकाच बाजूच्या तुटतात त्याची कारणं बहुधा तीन. डाव्या पात्याचं भोक झिजून लांबट झालंय, त्यामुळे पिन आत आपटते. किंवा डावी स्किड शू (मशीन जमिनीवर टेकवणारी घसरपट्टी) उजवीपेक्षा जास्त घासली गेलीय आणि मशीन त्या बाजूला कलतंय. तिसरं म्हणजे तुम्ही रस्त्याच्या कडेचा नगरपालिकेच्या प्लाऊने टाकलेला ढीग डावीकडून घेताय. शेवटच्यावर उपाय एवढाच की अर्ध्या रुंदीने घ्या, सावकाश.

शू लावताना डांबरी भागासाठी खालच्या पट्टीखाली ३ मिलिमीटर जागा ठेवा, त्या जाडीच्या दोन पट्ट्या दोन्ही टोकांना सरकवून. खडीवर मात्र इंचभर वर उचला. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे खडीला बेताने उचललेली शू ठेवा आणि डांबरावर थोडा बर्फ राहू द्या. नाहीतर खडी शेजाऱ्याच्या खिडकीत जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं: वर्षातून एकदा दोन्ही पिना काढा आणि ऑगर हाताने दांड्यावर गोल फिरवून बघा. फिरत नसेल तर तो गंजून दांड्याला चिकटलाय. अशा वेळी पिन असून नसल्यासारखी, धक्का थेट गिअरबॉक्सला. पेनिट्रेटिंग तेल रात्रभर मुरवा, पाईप पान्याने थोडं पुढेमागे करा, मग ग्रीस निपलमधून ग्रीस गन मारा, आणि फिरवतच मारा.

गॅरेजातला_पाना

तिसऱ्या तक्रारीचं कारण फ्रिक्शन डिस्क. बहुतेक मशीनमध्ये एक ॲल्युमिनियमची तबकडी फिरते आणि तिच्या काटकोनात रबराची कड असलेलं चाक तिला टेकतं. गिअर बदलताना ते चाक तबकडीवर आत-बाहेर सरकतं. रबर झिजलं किंवा त्यावर तेल-ग्रीस आलं की सपाटीवर चालतं आणि चढावर घसरतं.

टाकी रिकामी करा, मशीन पुढे ऑगरच्या तोंडावर उभं करा, मागची खालची पत्र्याची झाकणी सोडवा. रबर धातूच्या कडेपासून दीड मिलिमीटरहून कमी वर असेल तर बदला. अजून ठीक असेल तर तबकडी ब्रेक क्लीनरने पुसा आणि हँडलखालच्या केबलचा ढिलेपणा काढा. लिव्हर सोडल्यावर केबल किंचित सैल हवी, दाबल्यावर ताठ. षट्कोनी दांड्यावर ग्रीस लावताना बोटभरच लावा, जादा झालं की उडून रबरावर जातं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आणि एक. काम झाल्यावर लगेच उबदार गॅरेजात नेलं की अंगावरचा बर्फ वितळून पाणी डिस्कवर आणि केबलमध्ये शिरतं, पुढच्या सकाळी तेच गोठतं. आत नेण्याआधी बर्फ झाडून दोन मिनिटं रिकामं चालवा, गिअर पुढे-मागे करा.

कॅनडातला_तात्या

च्यूटबद्दल मी लिहितो, आमच्या टोरांटोला कोरडा बर्फ कमी आणि चिखलासारखा जास्त. शून्याच्या आसपासचा बर्फ तुंबतो त्याचं कारण इंपेलरची पाती आणि ड्रममधली फट. स्वस्त मशीनमध्ये ती सहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते. ओला बर्फ फटीतून मागे घसरतो, फेकला जात नाही. इंपेलर किट मिळतं: जाड रबराचे तुकडे पात्यांना बोल्टने बसवायचे, ड्रमला जेमतेम टेकतील असे. भोकं पाडण्याआधी प्लगची टोपी काढा आणि प्रत्येक पातं हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा. फार घट्ट बसवलं तर बेल्ट जळतो.

वापरताना थ्रॉटल पूर्ण वर आणि मशीनचा पुढे जायचा वेग कमी, पण बर्फाचा घास अगदी कोता नको. इंपेलरला सलग माल मिळाला तर च्यूट वाहता राहतो. सिलिकॉन स्प्रेचा उपयोग दहा-पंधरा मिनिटं, त्यापलीकडे नाही.

तुंबलेल्या च्यूटमध्ये हात घालू नका. इंजिन बंद असलं तरी ताणलेला बेल्ट इंपेलरला अर्धा फेरा देऊ शकतो. मशीनसोबत प्लास्टिकची काठी आलेली असते, तीच वापरा. हरवली असेल तर झाडूचा दांडा, पण हात नाही.

बर्फात_कोकणी

सगळ्यांचे आभार. आता पिकअप. प्लाऊची हौस आहे ते खरं. बॅटरीवर चालणाऱ्या स्नोब्लोअरबद्दलही लोक सांगतायत.

जुना_टेकम्सेह

बॅटरीवाला इंजिनाची कटकट नको असलेल्या माणसासाठी उत्तम आहे: पेट्रोल नाही, कार्ब्युरेटर नाही. पण बॅटऱ्या घरात उबेत ठेवाव्या लागतात आणि ओल्या जड ढिगात त्या भराभर संपतात. ६० फुटांना एक जोडी पुरेल, ढीग मोठा असला तर नाही पुरणार. तुमचा दुरुस्त होण्याजोगा असताना बदलण्यात अर्थ नाही. पुढे कधी नवा घ्यायचा झालाच तर लोखंडी गिअरबॉक्स, जवळ सुटे भाग देणारा डीलर आणि बाजारात पर्यायी बेल्ट हे बघा. ब्रँड त्यानंतर. स्टार्टर वायरवाला असेल तर वायर आधी मशीनला, मग भिंतीला, आणि बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका.

प्लाऊ ६० फुटांसाठी नको. हाफ-टनच्या पुढच्या ॲक्सलची क्षमता दरवाजावरच्या लेबलवर असते. प्लाऊचं वजन त्यात बसलं तरी बॉल जॉइंटवरचा (पुढच्या चाकांच्या सांध्यांवरचा) ताण, ट्रान्समिशनची उष्णता आणि मागे टाकायचं वजन हे सगळं वाढतं. आणि आधी कुणी प्लाऊ लावून झिजवलेला ट्रक घेऊ नका. पुढच्या बंपरमागे जोडणीच्या खुणा शोधा.

सिराक्यूजची_मावशी

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात पिकअपमध्ये इंजिनाच्या आधी तळ बघा. टॉर्च आणि छोटी हातोडी न्या. मागच्या ॲक्सलच्या वरचा फ्रेमचा बाक, लीफ स्प्रिंगचे कान, आणि केबिनच्या मागचे खालचे कोपरे. हातोडीने खणखणीत आवाज यावा. भद्द आला तर आतून पोखरलंय. ब्रेकच्या नळ्या टाकीच्या वरून जातात तिथे हात पोचत नाही, म्हणून लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. गंजल्या असतील तर निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या घाला, त्या मिठाने तशा सडत नाहीत. स्टेपनीची साखळी-केबल खाली सोडून बघा, बहुतेकांची गंजून अडकलेली असते.

घेतल्यावर दर शरद ऋतूत तेलकट किंवा लॅनोलिनचा थर मारून घ्या. रबरी काळा थर जुन्या गंजावर मारलेला दिसला तर सावध, त्याखाली ओल अडकते. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं बुजवू देऊ नका.

कॅनडातला_तात्या

त्यात इंजिनांबद्दल थोडी भर. जीएमच्या ५.३ लिटर व्ही८ मध्ये सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा आहे, तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग) हा ओळखीचा दुखणारा भाग. थंड सुरुवातीला टिकटिक ऐका, मिसफायरचा कोड तपासा, तेलाच्या पावत्या मागा. ६.२ लिटरचं (एल८७) एप्रिल २०२५ मध्ये मोठं रिकॉल झालं, २०२१ ते २०२४ मॉडेलची सुमारे ६ लाख वाहनं अमेरिकेत, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या दोषांसाठी. तपासणीत पास झालेल्यांना पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी जाडसर ०डब्ल्यू-४० तेल घालून देतात. टोयोटा म्हणजे डोळे मिटून घ्यावं असंही नाही: २०२२-२३ टुंड्रा आणि त्याच इंजिनाची लेक्सस मिळून सुमारे १ लाख २ हजार वाहनं मे २०२४ मध्ये मशीनिंगच्या कणांमुळे रिकॉल झाली. अमेरिकेत रस्ता सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकलं की बाकी राहिलेली रिकॉल फुकट दिसतात.

२००४ नंतरच्या फोर्ड एफ-१५० बघत असाल तर एक चाचणी. पुढच्या हबला (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागाला) सुटं ठेवायला व्हॅक्यूम लागतं. ते गळलं की हब अर्धवट गुंततो आणि टू-व्हीलमध्ये पुढून खरखर येते. बर्फाळ किंवा खडीच्या जागी फोर-व्हील लावा: खरखर थांबली तर व्हॅक्यूमचा सोलेनॉइड (विजेची कळ), चेक व्हॉल्व्ह (एकदिशा झडप) किंवा फुटकी नळी बघा. स्वस्त आहे ते. तसंच चालवत राहिलात तर हबचे दात जातात. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-व्हील लावू नका, वळताना सगळं आखडतं.

बॅटरी मागे लागू नये म्हणून सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायची बॅटरीची ताकद) हा आकडा बघा. तो उणे १८ सेल्सिअसला ३० सेकंद मोजतात, तुमच्याकडे त्याखाली पारा अनेकदा जातो. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी चार्ज, मग लोड टेस्ट. ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) असेल तर निघायच्या दोन-तीन तास आधी लावा, अख्खी रात्र नको.

गॅरेजातला_पाना

कोकणी, सुरुवात कार्ब्युरेटरपासून करा, मग फ्रिक्शन डिस्क. दोन्ही एका दुपारी होतात. कार्ब्युरेटर उघडल्यावर वाटीत काय दिसलं ते फोटोसह इथे टाका. आणि मॉडेल नंबर लिहा, म्हणजे पायलट जेट कुठे आहे ते नेमकं सांगता येईल.