गावाची नगरपंचायत झाली, मग पंचायत समितीचे काय?

प्रश्न: आमचे तालुक्याचे गाव पूर्वी ग्रामपंचायतीकडे होते, आता तेथे नगरपंचायत आहे. पंचायत समितीची इमारत मात्र गावातच उभी आहे, तहसील कार्यालयही तेथेच आहे. मग आम्ही नेमके कोणाच्या अखत्यारीत येतो? जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आम्हाला मतदान करता येईल का?

प्रतिसाद १: मतदान करता येणार नाही. घोटाळा होतो तो एकाच भूभागावर दोन वेगळ्या रचना असल्यामुळे. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी ही महसुलाची उतरंड शासनाची आहे. गावाचे शहर झाले तरी ती तशीच राहते, त्यामुळे शेतीचा सातबारा आणि फेरफार यांसाठी तलाठ्याकडेच जावे लागते. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही दुसरी, लोकनियुक्त रचना फक्त ग्रामीण भागासाठी असून तिच्यातून आपले गाव बाहेर पडले आहे. पंचायत समिती आपल्या गावात बसून आजूबाजूच्या खेड्यांचा कारभार पाहते, एवढेच.

प्रतिसाद २: वरील उत्तर बरोबर आहे. राज्यघटनेच्या २४३-थ या अनुच्छेदानुसार ग्रामीण स्वरूपाकडून शहरी स्वरूपाकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत असते. आपल्याकडे तिला १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम लागू होतो, जिल्हा परिषदेला १९६१ चा. सरपंचाऐवजी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकारी आणि १७ प्रभागांतून १७ नगरसेवक, असा बदल होतो. घराच्या कर आकारणीच्या उताऱ्यासाठी (ग्रामपंचायतीत तो ‘नमुना ८’ म्हणून मिळत असे) किंवा जन्म-मृत्यूच्या दाखल्यासाठी आता नगरपंचायतीतच जावे लागेल. घरकुलाचा अर्जही ग्रामीण आवास योजनेतून नव्हे, तर शहरी योजनेतून करावा लागेल.

प्रश्नकर्ता: म्हणजे ग्रामसभाही गेली?

प्रतिसाद २: हो, आणि माझ्या मते खरा तोटा हाच आहे. ग्रामसभेत कोणताही मतदार उठून खर्चाचा हिशेब विचारू शकतो. नगरपंचायतीच्या सभेत मत मांडण्याचा अधिकार सदस्यांना असतो. शहरांसाठी घटनेने प्रभाग समित्या सांगितल्या आहेत खऱ्या, पण त्यांची सक्ती ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या ठिकाणीच आहे, आणि नगरपंचायत त्याच्या जवळपासही नसते.

प्रतिसाद १: एक गोष्ट राहिली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आपोआप नगरपंचायतीकडे जाते असे समजू नका. अनेक ठिकाणी ती पुढेही जिल्हा परिषदच चालवते. तक्रार करण्याआधी शाळा कोणाकडे आहे, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.