मदत हवी आहे: वहिनीसाठी हायस्कूल डिप्लोमा + इंग्लिश (अमेरिका), आधी काय?

निळी_छत्री
नमस्कार. घाईत लिहितेय. वहिनीला फार्मसी टेक्निशियन व्हायचंय, त्याला हायस्कूल पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट लागतं. इंग्लिशही सुधारायचंय. जवळच्या अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये (मोठ्या माणसांच्या शाळेत) गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी दोन फॉर्म हातात ठेवले, एक ईएसएलचा (इंग्लिश शिकण्याच्या वर्गाचा), एक डिप्लोम्याचा, आणि "आधी टेस्ट द्या" म्हणाल्या. कसली टेस्ट? मागे रांग होती, विचारता आलं नाही. आधी इंग्लिश की आधी डिप्लोमा? जीईडी म्हणजे तेच का? शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. "गुगल करा" प्लीज नको, करून झालंय.

शंकेखोर
राज्य कुठलं? व्हिसा कुठला? शिक्षण कितवीपर्यंत? या तिन्हीशिवाय कोण काय सांगणार?

एडिसनकर
जीईडीची परीक्षा द्या आणि मोकळे व्हा. चार पेपर: गणित, भाषा, विज्ञान, सोशल स्टडीज. प्रत्येकात १०० ते २०० च्या स्केलवर १४५ लागतात. एकेक पेपर सवडीने देता येतो. माझ्या मेहुण्याने ट्रकच्या पाळ्या सांभाळून दिली. ते डिप्लोम्याचे वर्ग म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.

ठसका
वहिनींची बारावी झालीय का? असेल तर एवढा खटाटोप कशाला? एखाद्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्या, एचएससी इथल्या हायस्कूलच्या बरोबरीची धरतात.

निळी_छत्री
कॅलिफोर्निया. ग्रीन कार्ड आहे. वय ३४, त्याने काय फरक पडतो माहीत नाही. हो, बारावीपर्यंत शिकलीय, कॉमर्स.

ठसका
मग मिटलं की! जीईडी विसरा.

शंकेखोर
"बारावीपर्यंत" म्हणजे पास ना?

निळी_छत्री
अकाउंट्स राहिला होता. मग लग्न ठरलं. बाकी सगळे विषय निघालेत, इंग्लिशसुद्धा.

शंकेखोर
धन्य आहे. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो.

पेन्शनर_नाना
एकच विषय राहिलाय ना? भारतात जाऊन सतरा नंबरचा फॉर्म भरा, अकाउंट्स काढा, बोर्डाचं सर्टिफिकेट घेऊन या. आपल्या बोर्डाला जगात मान आहे.

ठसका
नाना, सतरा नंबर हा खाजगीरीत्या नव्याने बसणाऱ्यांसाठी. नापास झालेल्याला रिपीटरचा फॉर्म. आणि एका पेपरसाठी अमेरिकेतून विमानाने जायचं?

पेन्शनर_नाना
विमानाने जायचं म्हणजे माहेरही होतं. फॉर्मचं तुमचं बरोबर असेल.

कोरा_कागद
५५ वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तर नागरिकत्वाच्या वेळी इंग्लिशची परीक्षा माफ असते. आमच्या सासूबाईंनी मुलाखत मराठीत दिली, दुभाषी नेला होता.

शंकेखोर
वहिनी ३४ च्या आहेत. आणि नागरिकत्वाचं विचारलंय कोणी?

मास्तरीणबाई
मी अ‍ॅडल्ट स्कूलच्या ईएसएल वर्गात स्वयंसेवक आहे, कॅलिफोर्नियातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती टेस्ट बहुधा कासास असणार. वाचन आणि ऐकणं तपासून कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवतात. त्यात नापास वगैरे काही नसतं. काही महिन्यांनी पुन्हा घेतात, कारण शाळेला सरकारी निधी मिळतो तो विद्यार्थ्यांची प्रगती दाखवूनही. तेव्हा टेस्टला बोलावलं की कंटाळा करू नका.

आधी इंग्लिश की आधी डिप्लोमा, हे टेस्टच्या निकालावर सोडा. बऱ्याच शाळांत सकाळी ईएसएल आणि संध्याकाळी डिप्लोमा असं दोन्ही चालतं. म्हणून दोन्ही फॉर्म भरून द्या.

डिप्लोमा क्रेडिटवर मिळतो, म्हणजे विषय पास केला की त्याचे ठराविक गुण जमा होतात. दहावीची आणि बारावीची मार्कलिस्ट दाखवली की पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स मिळू शकतात. किती, ते तिथला समुपदेशक ठरवतो. वहिनींचा एकच विषय राहिलाय, म्हणजे त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागू नये. अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र मात्र बहुतेक करावंच लागेल.

जीईडी म्हणजे डिप्लोमा नव्हे, त्याच्या तोडीची परीक्षा. फार्मसी टेक्निशियनच्या परवान्याला कॅलिफोर्नियात दोन्हीपैकी काहीही चालतं. पण एडिसनकर, भाषेच्या पेपरात ४५ मिनिटांत निबंध लिहायचा असतो आणि सोशल स्टडीजचा निम्मा पेपर इथल्या राज्यव्यवस्थेवर असतो. वाचनाचा वेग नसेल तर गणित पक्कं असलेला माणूसही तिथे अडकतो. परीक्षा इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही.

एडिसनकर
मेहुण्याचं इंग्लिश काही फर्डं नव्हतं. झाला की पास.

मास्तरीणबाई
त्यांचं अभिनंदनच. पण तो इथे कितवीपर्यंत शिकला होता?

एडिसनकर
अकरावीपर्यंत. लहानपणीच आला होता.

शंकेखोर
😐

हरभरा
हायसेट ही जीईडीसारखीच परीक्षा कोणी सांगितलीच नाही. कॅलिफोर्नियात तीही चालते. पाच पेपर, प्रत्येकात २० पैकी ८, एकूण १०० पैकी ४५, आणि निबंधात ६ पैकी २. मला जीईडीपेक्षा सुटसुटीत वाटली. पण राज्य बघूनच ठरवा. न्यूयॉर्कमध्ये आधी टास्क नावाची परीक्षा होती, २०२२ पासून पुन्हा जीईडी. जुन्या धाग्यांवर विसंबू नका.

ठसका
कम्युनिटी कॉलेज का नाही? तिथे १८ वर्षांवरच्यांना डिप्लोम्याशिवायही प्रवेश मिळतो, नॉनक्रेडिट (पदवीत न मोजल्या जाणाऱ्या) ईएसएलला फी नसते.

मास्तरीणबाई
प्रवेश मिळतो, खरं आहे. पण परवान्याला डिप्लोमा किंवा जीईडी लागेलच, नुसत्या प्रवेशाने ते काम होत नाही. शिवाय फेडरल आर्थिक मदतीलाही साधारणपणे हायस्कूल पूर्ण असावं लागतं.

हिरवी_मिरची
माझी बहीण एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, तिलाही हाच ईएसएल चालेल का?

शंकेखोर
नाही. एफ-१ वर सरकारी पैशावर चालणाऱ्या अ‍ॅडल्ट एज्युकेशनला जाता येत नाही, १९९६ चा कायदा आहे. म्हणूनच पहिल्यांदा व्हिसा विचारला होता, भोचकपणा म्हणून नाही. नवीन धागा काढा.

पेन्शनर_नाना
अवांतर: या सगळ्यात घरातल्या मुलांशी मराठीत बोलणं सोडू नका.

निळी_छत्री
मास्तरीणबाई, खूप आभार. टेस्टची तयारी करून घेऊ का? दोन दिवस आहेत. आणि मार्कलिस्ट लॅमिनेट केलेली आहे, चालेल? दुसरी प्रत नाही.

मास्तरीणबाई
तयारी नको. घोकून वरच्या वर्गात गेल्या तर तिथे त्यांना काही कळणार नाही. लॅमिनेशन सोलायला जाऊ नका, शाई उतरते. दोन्ही बाजूंच्या स्पष्ट रंगीत प्रती काढा, मूळ प्रत दाखवायला सोबत ठेवा. मार्कलिस्टवर लग्नाआधीचं नाव असेल, तेव्हा मॅरेज सर्टिफिकेटही न्या.

निळी_छत्री
नाव वेगळंच आहे! बरं झालं सांगितलंत. मॅरेज सर्टिफिकेट मराठीत आहे, ते चालेल का?

शंकेखोर
भाषांतर लागेल. आता ते कुठल्या गावचं, हस्तलिखित आहे की छापील, तेही सांगून टाका.