विषय: स्मरणिकेची फाइल ८४ एमबी!

सर्वांना नमस्कार.

गणेशोत्सव स्मरणिका वर्डमध्ये लावून झाली, पण फाइल इंदूरबाहेर निघेना. पानं ४८, वजन ८४ एमबी, आणि जीमेल २५च्या वर घेत नाही. राजवाड्यासमोरच्या मिरवणुकीचे जुने फोटो कोपऱ्याला धरून लहान केले, कडा कापल्या, तरी आकडा तोच. दोन लेख काढू का? दोन्ही आज्यांनी हातानं लिहून दिलेत, जीव होत नाही.
– ताई, संपादन

ताई, लेख एकही काढू नका. ४८ पानांचा नुसता मजकूर एक एमबीसुद्धा भरत नाही.

फाइलची प्रत करा, नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स खोडून तिथे झिप लिहा आणि उघडा. ‘वर्ड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’ आहे. कुठला फोटो किती जड ते तिथे दिसेल. पोस्टकार्डाएवढा, ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की ८६ लाख ठिपके होतात. पानावर तो २ बाय ३ इंचांचा केलात, तिथे २२०च्या हिशेबानं तीन लाखही लागत नाहीत. पण कोपरा ओढल्यानं फोटो फक्त लहान दिसतो, ठिपके सगळे आतच राहतात. कापलेली कडसुद्धा आतच असते. ज्याच्या हाती फाइल जाईल तो ती परत उघडू शकतो.

फोटोवर क्लिक करून ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्या. ‘फक्त याच चित्राला’वरची खूण काढा, कापलेला भाग पुसण्याची ठेवा, २२० निवडा. सेव्ह केल्यावर हे मागे फिरवता येत नाही, म्हणून मूळ स्कॅन आधी वेगळे ठेवा. छापखान्याला तेच द्या.

फॉन्ट फाइलमध्ये भरण्याची खूण सेव्हच्या पर्यायांत असेल तर तीही बघा, त्यानंही वजन वाढतं.

आणि देणगीदारांचा तक्ता एक्सेलमधून आणलाय ना? त्यावर डबलक्लिक करून बघा, माझा जीव त्यातच अडकलाय.
– काका

काका, बघितलं आणि हात गार पडले. तक्त्यात नुसती नावं दिसत होती, मागे अख्खी वही होती, सगळ्यांच्या फोन नंबरांसकट! तो काढून साधा मजकूर चिकटवला. फोटो तुम्ही म्हणालात तसे केले. आता फाइल ७ एमबी आहे, सोबत जोडली आहे. आज्यांचे लेख पान १२ आणि ३१वर. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ बघायचंय त्यांनी रविवारपर्यंत कळवा.
– ताई