दारावरची घोड्याची नाल आणि बाळंतिणीच्या उशाखालचा विळा

गिरगावकर: नाल दारावर लावायची आहे. तोंड वर की खाली? आणि पाचवीला विळा नेमका कुठे ठेवतात?

लोखंडवाला_नाही: आधी लोहचुंबक लावून बघा. शर्यतीच्या घोड्यांना बहुधा ॲल्युमिनियमची हलकी नाल मारतात, त्यामुळे महालक्ष्मी रेसकोर्सवरून आलेली असेल तर चुंबक चिकटणारच नाही. चिकटला तरी नाल वापरलेली आहे असं होत नाही: वापरलेली पुढच्या बाजूला झिजलेली असते. तोंडाबद्दल दोन्ही पंथ आहेत. वर ठेवली तर भाग्य सांडत नाही, खाली ठेवली तर ते घरात ओततं. निवडा!

दादरची_मावशी: पाचवीच्या पूजेत पाटा-वरवंट्याशेजारी विळा किंवा कोयता ठेवतात, मग तो बाळंतिणीच्या उशाखाली जातो. बाळाच्या अंथरुणात मात्र मुळीच नको. पलंगाच्या चौकटीला, कापडात गुंडाळून, बाळाचा हात पोचणार नाही असा बांधा. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पऱ्यांनी मूल बदलू नये म्हणून पाळण्यावर चिमटा आडवा ठेवत. आपल्याकडे भीती बाहेरच्या बाधेची, काही ठिकाणी सटवाईचीही. पण सटवाई बाळाचं नशीब लिहायलाही येते.

लोखंडवाला_नाही: पावसाळ्याचं विसरू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत नाल गंजते आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. पॉलिश पेपरने घासून पारदर्शक लॅकरचे दोन हात द्या. सिमेंटच्या भिंतीत खिळा ठोकलात तर गिलावा फुटेल, त्यापेक्षा ड्रिल करून प्लग आणि स्क्रू बसवा. चौकट सागवानी असेल तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड तडकतं.