भागधारकांनी ध्येय मंजूर केलं, मग वर्षाच्या आत प्रमुखाला का काढलं?

फडताळ (धागाकर्ता): दानोन ही दही, बाटलीबंद पाणी, बाळांचं अन्न विकणारी फ्रेंच कंपनी. कंपनीची जबाबदारी कारखान्याच्या दारापाशी संपत नाही, असं तिचे प्रमुख आंत्वान रिबू १९७२ मध्ये म्हणाले होते. जून २०२० मध्ये तेव्हाचे प्रमुख एमान्युएल फाबेर यांनी आरोग्य, पर्यावरण, कर्मचारी यांविषयीची उद्दिष्टं थेट कंपनीच्या नियमावलीत घातली. ९९ टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. मार्च २०२१ मध्ये संचालक मंडळाने त्याच फाबेरना पदावरून दूर केलं. ब्लूबेल, आर्टिझन हे गुंतवणूकदार शेअर मागे पडल्यामुळे बदल मागत होते. माझं मत: ध्येय चुकीचं नव्हतं, पण अडचणीच्या काळात त्यामागे उभा राहणारा मालक नव्हता.

ताळेबंद: असहमत. मुळात धंदाच मागे पडला होता. नेस्ले, युनिलिव्हर पुढे गेले. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दोन हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची योजना कोणी जाहीर केली? फाबेर यांनीच. ज्याची नोकरी गेली त्याने नियमावलीतलं वाक्य घेऊन काय करायचं? नियम पाळून नफा मिळवणं हीच कंपनीची जबाबदारी, हे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलं. ते कोरडं वाटतं, पण नफा मोजता येतो. नेत्यापुढे चार उद्दिष्टं ठेवली की एकात नापास झाला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जाब विचारायचा कशाचा?

फडताळ: फ्रेंच कायद्यात त्यासाठी वेगळी समिती आणि बाहेरची तपासणी आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये १८१ कंपनीप्रमुखांनी सर्व संबंधितांचं हित पाहण्याच्या निवेदनावर सह्या केल्या, त्यात असं काहीच नव्हतं. तुमचा आक्षेप तिथे पुरेपूर लागू होतो.

देवराई: मालकीचा मुद्दा पटला. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय न्यासांकडे आहेत, म्हणून तिथे लांबचा विचार परवडतो.

ताळेबंद: तिथेही २०१६ मध्ये अध्यक्षांना हटवलं आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यास मालक असला म्हणून सत्तेचा झगडा चुकत नाही.

विहीरकाठ: आपल्याकडे ध्येय म्हटलं की लोकांना सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यावर खर्चायचे नफ्यातले दोन टक्के आठवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६(२) कोणी वाचत नाही. संचालकांनी कर्मचारी, समाज, पर्यावरण यांचंही हित पाहायचं, असं त्यात स्पष्ट आहे. शाळेला संगणक वाटायचे आणि सांडपाणी नदीत सोडायचं, याला मी ध्येय म्हणणार नाही.

ताळेबंद: हे शंभर टक्के मान्य. पण दानोनने फाबेर गेल्यावरही ती नियमावली ठेवली. नेता बदलता आला, ध्येय राहिलं. मग बिघडलं काय?

फडताळ: कागदावर राहिलं. फाबेर यांचं काय झालं ते पाहिल्यावर पुढचा प्रमुख त्यासाठी एका वर्षाचा नफा तरी पणाला लावेल का?